शिवेवरची अळंबी

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं, खाडीपलीकडे साष्टी. म्हणून तर इंग्रजांनी सतराव्या शतकात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. आज आपण बोलणार आहोत ते मात्र पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्यांबद्दल. त्या ओळखायच्या कशा, याला मोठा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत अळंब्यांची विभागणी रंगरूपावरून नाही, जागेवरून आहे: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीतली. मनुस्मृतीने त्या द्विजांना वर्ज्यच ठरवल्या. म्हणजे बघा, हे ज्ञान टिकवलं ते खाणाऱ्यांनी, पोथीवाल्यांनी नव्हे. कोकणातली आजी आजही जागाच बघते. अमुक वारूळ, अमुक पाऊस, की अळंबी येणार. गोव्यात तर नावातच रोण, म्हणजे वारूळ.

युरोपात 1821 मध्ये एलियास फ्रीसने बीजाणूंच्या रंगावर वर्गीकरण उभं केलं. वारुळावरच्या अळंब्यांना 'टर्मिटोमायसिस' हे नाव मिळालं थेट 1942 मध्ये. वाळवी ही बुरशी जमिनीखाली जोपासते आणि अळंबीचा देठ मुळासारखा खाली तिच्या घरापर्यंत गेलेला असतो. आजीची खूण बरोबरच होती की!

पण ती खूण गावची. शहरातल्या बागेच्या हिरवळीवर उगवते ती बऱ्याचदा क्लोरोफिलम मोलिब्डायटिस. मोठी, पांढरी, देठावर सरकणारं कडं. कोवळी असताना टोपीखालच्या पात्याही पांढऱ्या, आणि तिथेच माणूस फसतो. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब. पूर्ण उमललेली टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घाला, वर वाटी झाका. सकाळी हिरवट ठसा दिसेल. वारुळावरचीचा ठसा गुलाबीसर. अर्थात गुलाबी आला म्हणून खाऊ नका, गुलाबी ठशाच्या विषारीही असतात. आणि तो चांदीचा चमचा, लसूण, "किड्यांनी खाल्लीय म्हणजे चालेल" हे सगळं आम्ही तरी थोतांडच मानतो.

कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात आशियातून गेलेल्या माणसांनी आपली पेंढ्यावरची अळंबी समजून 'डेथ कॅप' खाल्ली. त्यांची नजर कच्ची नव्हती, ती दुसऱ्या देशात तयार झाली होती. त्या विषाचा त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो, मध्ये थांबल्यासारखा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. म्हणून कुणाला अळंबी बाधली तर वाट बघत बसू नका. उरलेली अळंबी, साफ करताना काढलेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून रुग्णालयात बरोबर न्या आणि किती वाजता खाल्ली ते आधी सांगा.