कतरनीतली ईद

सणांचा इतिहास आपण बहुधा मशिदी, ईदगाह आणि जुलूस यांच्यावरून लिहितो. सणासाठी घरात काय तयार होत होते, कशापासून होत होते आणि कुणाच्या हातून होत होते, हे त्यात येत नाही. अशा वस्तू फार काळ टिकत नाहीत आणि त्या करणाऱ्या बायकांची नावेही कुठे नोंदली जात नाहीत. तरीही वऱ्हाडातील मुसलमान घरांची ओळख करून घ्यायची असेल, तर एका साध्या शब्दापासून सुरुवात करावी लागेल. तो शब्द म्हणजे कतरन.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत शिंप्याचे मशीन रात्र-रात्र चालते. कापड बेतून जे तुकडे खाली पडतात ती कतरन. शिंप्याच्या लेखी तो केर. पण आपल्या आया-नान्यांनी त्याला केर मानले नाही. साटीनच्या बऱ्या तुकड्यांतून कुरआन शरीफसाठी जुजदान शिवले जाई. रंगीबेरंगी तुकड्यांचा बटवा होई, हातपंख्याला झालर लागे, लहान मुलींसाठी बाहुली होई. जुन्या साड्या-ओढण्यांचे थर घालून नव्या बाळासाठी गोधडी शिवली जाई. ईदला माहेरी आलेल्या लेकीच्या हाती यातले काही ना काही पडेच. यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. इस्लामने इसराफ, म्हणजे उधळपट्टी, वाईट मानली आहे. स्वतः पैगंबर (स.) आपले जोडे शिवत आणि कपड्याला ठिगळ लावत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ठिगळाची लाज वाटू नये हा संस्कार तिथूनच आला.

आमचे अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावर आहे. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही कापसाची मोठी पेठ होती. १८७० मध्ये खास कापसासाठी तिथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. गाठी बांधून कापूस मुंबईकडे आणि पुढे विलायतेकडे जाई. या मोठ्या व्यापाराच्या बाजूला एक लहान धंदा चालत होता, तो पिंजाऱ्याचा. नद्दाफ, मन्सूरी अशा नावांनीही ही बिरादरी ओळखली जाते. खांद्यावर धुनकी घेऊन पिंजारी दारोदार फिरे. वर्षानुवर्षे वापरून गोळे झालेला गादीतला कापूस तो उसवून पिंजून देई आणि त्याच कापसाची नवी रजई होई. आज ज्याला पुनर्वापर म्हणतात, तो या माणसाचा रोजचा पोटापाण्याचा धंदा होता.

हे केवळ वऱ्हाडातच होते असेही नाही. कारवार जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांत मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. चारही कोपऱ्यांवर घड्या घालून केलेली कापडाची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. घरातल्या लहानग्यांसाठी छोटी कवंदी शिवली जाते. आता तिला शहरांतील प्रदर्शनांत मान मिळतो. आमच्या गावांतील गोधडीला तो मिळाला नाही, एवढाच फरक.

कापडाची गोष्ट झाली, आता कागदाची पाहू. १८७९ मध्ये हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. रेल्वे आणि टपाल यांमुळे नोकरी-धंद्यासाठी दूर गेलेल्या माणसाला सणाची मुबारकबाद पाठवणे सोपे झाले. त्याआधी, १८४३ साली, लंडनमध्ये हेन्री कोल यांनी ख्रिसमसचे पहिले छापील व्यापारी कार्ड काढले होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोर, दिल्ली आणि मुंबईच्या प्रकाशकांनी ईदकार्डे काढली. मुंबईची बोल्टन फाइन आर्ट लिथोग्राफर ही त्यांपैकी एक. गंमत अशी की, सुरुवातीच्या अनेक ईदकार्डांवरची चित्रे युरोपातील तयार कार्डांची होती. फुले, विलायती मुले, निसर्गदृश्ये तीच. त्यांवर उर्दूत ‘ईद मुबारक’ छापले, की कार्ड आपले झाले. दुसऱ्याच्या सणाचा कागद आपल्या सणाला चालला आणि त्यामुळे कुणाच्या ईदला कमीपणा आला नाही.

आता शाळेकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. मुलाचे शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधाराने व्हावे, असे तिथे ठरले. अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. ख्वाजा गुलामुस्सय्यदैन हेही समितीत होते. त्याच डिसेंबरमध्ये अहवाल आला. सूत, लाकूड, माती यांच्याशी झटताना मूल गणित शिकेल आणि हाताने काम करणाऱ्याचा मान राखायलाही शिकेल, हा त्यामागचा विचार होता.

पण आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या काळी भलताच वाद पेटला. रविशंकर शुक्ल यांच्या शिक्षण योजनेचे नाव ‘विद्यामंदिर’ होते. या नावाला मुसलमानांनी हरकत घेतली. १९३८ च्या पीरपूर अहवालात मुस्लिम लीगने काँग्रेस सरकारांविरुद्धच्या तक्रारींमध्ये तिचाही समावेश केला. लीगने वर्धा योजनेलाही विरोध केला. नावाबद्दलची तक्रार समजण्यासारखी होती आणि सरकारने ती वेळीच समजून घ्यायला हवी होती. पण या ओढाताणीत हाताच्या कामाचा मुद्दा बाजूला पडला. ज्या समाजात पिंजारी, मोमीन, शिंपी, रंगारी, अत्तार यांच्या पिढ्या हातावर जगल्या, त्याच समाजाच्या मुलांना शाळेत हाताची ओळख मिळाली नाही. हे नुकसान आपले झाले.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ आला, पण परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याच तासाचा जातो. अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलच्या नळ्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले, ते स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. म्हणजे वर्ध्याचा विचार वळसा घेऊन पुन्हा आपल्या दारात आला आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ईदच्या आधी मुलांना लग्नाच्या जुन्या पत्रिका आणायला सांगतो. जाड, चकचकीत कागद. त्यांतून ईदीची पाकिटे उत्तम होतात. कातरताना कोन कळतो, चिकटवताना मापाची चूक लगेच दिसते आणि वर ‘ईद मुबारक’ लिहिताना अक्षर सुधारते. एकदा एका शिंप्याच्या मुलाने दुकानातली कतरन आणली. सुरुवातीला ती त्याने दप्तरात दडवून ठेवली होती. मुलांना तिचे तुकडे हवेसे झाले, तेव्हा तो रंग निवडून वाटू लागला आणि कोणते कापड सुटते, कोणते सुटत नाही हे सगळ्यांना समजावू लागला. वर्गात त्या दिवशी सर्वांत जास्त माहिती त्यालाच होती.

मोबाइल आल्यापासून ईदकार्डे दुकानांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. एकच चित्र शंभर जणांना पाठवले जाते आणि संध्याकाळपर्यंत पुसले जाते. बाजाराला दोष देऊन भागणार नाही. सोय सर्वांनाच हवी असते. मात्र वर्षातून एकदा तरी आपल्या मुलांनी खाला, फुफी, उस्ताद यांच्यासाठी स्वतःच्या हाताने काही करावे, एवढा आग्रह आपण धरू शकतो. सामान घरातच पडलेले आहे. ते कसे वापरायचे हे सांगणाऱ्या नान्या अजून आपल्यात आहेत. मुलांना त्यांच्याजवळ बसवण्याचे काम तेवढे आपले आहे.