रोजच्या वापरातलं ट्वीड : प्रस्तावना

ट्वीड हे मुळात कष्टाचं कापड. स्कॉटलंडच्या पावसाळी डोंगरांत मेंढपाळ आणि जमीनदारांचे रखवालदार ते दिवसभर अंगावर वागवत. एकोणिसाव्या शतकात शिकारीला येणाऱ्या उमरावांनी ते उचललं, पुढे ते प्राध्यापकांच्या आणि लेखकांच्या अंगावर आलं. अंगावर घेणारे बदलले, पण कापडाचा गुण तोच राहिला: ते वापरानं सुधारतं. बाही सैलावते, कॉलर मानेशी जुळते, ताठा जाऊन कोट अंगाचा होतो. जुन्या शिवणकामाच्या अभ्यासात नव्यानं येणाऱ्या मराठी वाचकाचं स्वागत करताना म्हणूनच पहिली गोष्ट सांगायची ती ही, की ट्वीड समजून घ्यायचं तर ते नेहमीच्या कपड्यांत आणावं लागतं. कपाटात टांगलेला कोट फारसं काही शिकवत नाही.

ही प्रस्तावना दुबईच्या बर दुबई भागातून लिहिली जावी, याचं काहींना नवल वाटेल. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या वर असतो. तरीही लोकरी कापडाच्या अभ्यासाला ही जागा योग्य आहे. खाडीकाठच्या कापडबाजारात आणि मीना बाजारच्या गल्ल्यांत विलायती, इटालियन आणि भारतीय ठाण शेजारी शेजारी उलगडले जातात. सिंधी व्यापाऱ्यांनी इथला कापडधंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. शिवणारे हात बहुतेक भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातले. मुंबईशी या काठाचं नातं इतकं जवळचं, की १९६६पर्यंत इथले व्यवहार रुपयातच होत. शिवाय लोकर इथल्या माणसाला परकी नाही. हिवाळा आला की पांढऱ्या कंदुऱ्याच्या, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्याच्या, जागी तपकिरी, राखाडी, गडद निळ्या रंगाचा जाड कंदुरा दिसतो आणि डोक्याला काश्मिरी शाल गुंडाळली जाते. त्या दिवसांत रास अल खैमाच्या जबल जैस या डोंगरावर, १,९०० मीटरहून अधिक उंचीवर, खरीखुरी थंडी असते. आणि कचेऱ्यांतला एसी तर बारा महिने चालू असतो.

मराठी पुरुषाची कोटाशी ओळखही जुनी. शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत धोतर, पगडी किंवा टोपी आणि वर कोट हा वेश वारंवार भेटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सुटानं तर कोटाला स्वाभिमानाचा अर्थ दिला, आणि तो अर्थ आजही गावोगावच्या पुतळ्यांत उभा आहे. कापडही केवळ विलायतेहून येत नव्हतं. कानपूरची लाल इमली ही गिरणी १८७६ची, पंजाबातली धारिवालची गिरणी १८८०ची. ठाण्याची लोकरी गिरणी १९२५मध्ये निघाली, आणि रेमंड या नावानं ती घराघरांत पोचली. म्हणून या विषयाचा मराठी इतिहास लिहायचा तर लंडनच्या शिंप्यांइतकंच ठाणे-कानपूरकडेही पाहावं लागेल.

अभ्यासाची सुरुवात कापडापासून करावी. सुटाचं नेहमीचं गुळगुळीत कापड विंचरलेल्या लांब तंतूंच्या सुताचं असतं. ट्वीडचं सूत पिंजलेल्या लोकरीचं, त्यामुळे ते फुगीर राहतं आणि हवा धरून ठेवतं. रंग बहुधा सुताआधीच, लोकरीला दिलेला असतो. म्हणूनच लांबून तपकिरी वाटणाऱ्या कापडात जवळून शेवाळी, गंजकी, निळे तंतू सापडतात. हेरिंगबोनची नागमोडी वीण, डोनेगल ट्वीडचे रंगीत ठिपके, चौकड्या हे सगळं डोळ्यांना हळूहळू ओळखता येतं. हॅरिस ट्वीडला तर ब्रिटनच्या १९९३च्या कायद्याचं संरक्षण आहे: आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरीच, हातानं विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येतं.

मग शिलाई. पुढच्या भागात गुंडीखाली कापड चिमटीत धरून पाहावं. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मधे तिसरा थर सुटा लागला, तर कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारा हा मधला थर, टाक्यांनी बसवलेला आहे. नाही लागला, तर तो बहुधा चिकटवलेला. आतल्या शिवणींत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडली आहे ते बघावं, कारण कोटाचं पुढचं आयुष्य तिच्यावर ठरतं. कंबर आत घेता येते, माया असेल तर थोडी सोडताही येते, बाही आखूड करता येते. खांदा मात्र सहसा बदलता येत नाही. म्हणून जुना कोट घेताना आधी खांदा पाहावा, मग कसर लागली आहे का ते, आणि शेवटी काखेतलं अस्तर.

यानंतर वापर. जाड ट्वीड मीटरला साधारण ४५० ते ५०० ग्रॅम भरतं. इथे किंवा मुंबईत ते रोज सोसवणार नाही. तीनशेच्या आसपासचं कापड, अर्धं अस्तर, हलका खांदा आणि वरून लावलेले खिसे असा कोट हिवाळ्याच्या संध्याकाळी आणि गार कचेरीत सहज चालतो. त्याखाली सुती पँट आणि साधा सुती शर्ट असावा. कोटात विणीची एवढी श्रीमंती असताना बाकीचं शांतच शोभतं. ज्याला कोट जड वाटतो त्यानं ट्वीडचं जाकीट हातमागाच्या शर्टावर घालून पाहावं. सलग दोन दिवस तोच कोट घालू नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषते आणि ते सोडायला तिला वेळ लागतो. ब्रश, वारा आणि रुंद खांद्याचा हँगर एवढ्यावर बरीच निगा भागते.

या क्षेत्रात मराठीत अजून खूप काम बाकी आहे. शिंप्यांचं ज्ञान त्यांच्या बोटांत आहे, कागदावर फारसं आलेलं नाही. रफूगार, काज करणारे, फक्त कोट कापणारे कारागीर यांच्याशी सविस्तर बोलून ते नोंदवायला हवं. त्यासाठी पदवी लागत नाही. घरात वडिलांचा किंवा आजोबांचा कोट असेल तर तो बाहेर काढा. गिरणीची पट्टी, शिंप्याचं लेबल, दुरुस्तीच्या खुणा लिहून ठेवा. कुठे शिवला, कशासाठी शिवला, हे सांगणारं कुणी असेल तर आजच विचारा. मग तो जाणत्या शिंप्याकडे न्या, आपल्या मापाचा करून घ्या आणि पुढच्या हिवाळ्यात कामावर घालून जा.