खेळाडूचें मन

बळ दंडांत असतें, अशी आमच्या तालमींची जुनी समजूत. मनासही श्रम होतात, तेंही दुखावतें, हें तिच्या हिशेबांत नव्हतें; आणि ज्यांनीं खेळावर पोट भरलें, त्यांस ह्या समजुतीची किंमत फार मोजावी लागली.

आपल्या आद्य पगारी खेळाडूंपैकीं बाळू पालवणकर यांचें उदाहरण घ्या. पुण्याच्या साहेब लोकांच्या क्लबांत खेळपट्टीची निगा राखतां राखतां ते साहेबांस चेंडू टाकूं लागले. पुढें हिंदूंच्या संघास त्यांची गोलंदाजी हवी झाली; परंतु अस्पृश्य मानलेल्या समाजांत जन्मल्यामुळें चहा मात्र त्यांस मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून संघांतून माघार घेतली. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले. धावा आणि बळी वहींत नोंदले गेले. अपमान गिळून चेंडूवर लक्ष ठेवण्याच्या श्रमांस त्या वहींत रकानाच नव्हता.

आतां शंभर वर्षांनंतरचें चित्र पाहा. सचिन तेंडुलकर यांस मान, धन, लोकांचें प्रेम कशाचीच वानवा नव्हती. तरी २०१३ सालीं निवृत्त झालेल्या ह्या खेळाडूनें २०२१ सालीं सांगितलें कीं, २४ वर्षांच्या कारकीर्दींतील १०-१२ वर्षें सामन्यापूर्वीं चिंतेनें त्यांस झोंप येत नसे. पुढें ही अस्वस्थता तयारीचाच भाग आहे, असें त्यांनीं मानलें. चहा करणें, कपड्यांस इस्त्री करणें, अशा साध्या कामांत ते मन गुंतवूं लागले. म्हणजे मान मिळाल्यानें मनावरचा भार आपोआप उतरतो असें नाहीं. २०११ सालचा विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या संघासोबत मनाच्या तयारीसाठीं पॅडी अप्टन नांवाचे स्वतंत्र प्रशिक्षक होते, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत पहाटे रस्त्यांवर धावणारीं मुलें दिसतात. गुडघा सुजला तर घरची मंडळी तेल चोळून देते. झोंप उडाली तर 'मन घट्ट कर' म्हणून मोकळी होते. कीर्तीच्या शिखरावर जाऊन आलेल्या पुरुषानें जें निवृत्तीनंतर मोकळेपणें सांगितलें, तें सोळा वर्षांच्या पोरानें आपण होऊन सांगावें, अशी अपेक्षा आम्हीं कशी करावी? गुडघ्याची चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनींच झोंपेचीही करावी, एवढेंच आमचें म्हणणें.