सुधारित चूल
सुधारित चूल : लाकूड, काटक्या, गोवऱ्या, पिकांची धाटे इ. जैव इंधनांवर चालणारी, परंतु पारंपरिक चुलीपेक्षा कमी इंधनात स्वयंपाक करणारी व स्वयंपाकघरात कमी धूर सोडणारी चूल. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास परवडणारी किंमत, टिकाऊपणा व स्वच्छ ज्वलन या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे, हे तिच्या अभिकल्पाचे (आराखड्याचे) उद्दिष्ट असते.

कार्यतत्त्व : चुलीची कार्यक्षमता इंधनाचे ज्वलन किती पूर्ण होते व निर्माण झालेल्या उष्णतेपैकी किती भांड्यास मिळते, या दोन गोष्टींवर अवलंबून असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत हवा मुबलक मिळते, परंतु बरीचशी उष्णता वाया जाते. भांडे ज्योतीच्या अगदी जवळ आणल्यास सरपण वाचते. मात्र भांड्याच्या थंड तळाशी ज्योत निवून कार्बन मोनॉक्साइड व काजळी वाढते. म्हणून सरपण वाचविणारी चूल धूर कमी करतेच, असे नाही. धुराड्याने धूर घराबाहेर जातो. परंतु त्याची ओढ प्रमाणाबाहेर असल्यास उष्णताही त्याबरोबर निघून जाते. हे परस्परविरोध सुधारित चुलीच्या सर्व इतिहासात आढळतात.

इतिहास : भारतातील आरंभीचे प्रयत्न गृहिणीची धुरापासून सुटका करण्यासाठी झाले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडी केंद्रात १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. ही मातीची, धुराडे असलेली चूल होती. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस्. पी. राजू यांनी एका ज्योतीवर अनेक भांडी ठेवता येतील, अशी धुराड्याची व झडपांची चूल सुचविली व १९५३ मध्ये धूररहित स्वयंपाकघरांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

१९७३ च्या खनिज तेल संकटानंतर सरपणाच्या टंचाईकडे जगाचे लक्ष वेधले गेले आणि धुराऐवजी इंधनबचत हे सुधारणेचे प्रमुख गमक ठरले. ग्वातेमालात १९७६ च्या भूकंपानंतर माती व वाळूच्या मिश्रणाची ‘लोरेना’ चूल प्रचारात आली. तिच्या जड भिंती बरीच उष्णता शोषून घेतात व त्यामुळे अपेक्षित बचत होत नाही, असे पुढील चाचण्यांत दिसून आले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या गटाने ज्वलन व उष्णता संक्रमण यांचा पद्धतशीर अभ्यास करून तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ ही चूल तयार केली (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल). केन्यात शहरी कुटुंबांसाठी पत्र्याच्या कवचात भाजलेल्या मातीचे अस्तर बसविलेली कोळशाची शेगडी याच सुमारास रूढ झाली.

आरोग्याचा प्रश्न प्रत्यक्ष मापनाने पुढे आला. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापक उपकरणे बसवून त्या श्वासावाटे घेत असलेली हवा तपासली. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीभोवतालच्या हवेत दर घ. मी. मध्ये सरासरी सु. ७ मिग्रॅ. धूलिकण आढळले.

राष्ट्रीय कार्यक्रम : भारत सरकारने डिसेंबर १९८३ मध्ये प्रात्यक्षिक स्वरूपात सुरू केलेला सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८५ पासून देशभर राबविण्यात आला. तो २००२ मध्ये राज्यांकडे सोपविला जाईपर्यंत ३ कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. त्यांपैकी अनेक अल्पावधीतच निकामी झाल्या. मातीची चूल तडकली की गृहिणी ती सारवून पुन्हा घडवी व त्यात आतील मार्गाची मापे बदलत. जाड लाकूड जावे म्हणून तोंड मोठे केले जाई. धुराड्यातील काजळी साफ होत नसे. अनुदान चुली बसविण्याच्या संख्येशी निगडित असल्याने त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणावरच नव्हती. काही चुलींवर मोठी भाकरी नीट भाजता येत नसे. प्रयोगशाळेतील कार्यक्षमता व स्वयंपाकघरातील कार्यक्षमता यांत म्हणूनच मोठी तफावत पडली. यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने साच्यात ओतलेल्या सिमेंटच्या चुलींचा पुरस्कार केला. त्यांतील आतील मापे कायम राहतात व साचा घेऊन ग्रामीण कारागिरास त्या बनविता येतात. चीनमध्ये १९८२ नंतरच्या दशकात १० कोटींहून अधिक कुटुंबांत सुधारित चुली पोहोचल्या. तेथे कुटुंबेच बहुतांश खर्च करीत आणि महत्त्वाचे भाग कारखान्यांत तयार होत.

नंतरचे प्रयत्न : लॅरी विनियार्स्की यांच्या ‘रॉकेट’ चुलीत उष्णतारोधक ज्वलनकक्षामुळे ज्योत अधिक तप्त राहते. पंखा बसविलेल्या शेगड्यांत धूर याहूनही कमी होतो. भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेली अशी शेगडी २००६ पासून महाराष्ट्रातही विकली गेली. परंतु तिला लागणाऱ्या दाबून तयार केलेल्या इंधनगोळ्यांचे भाव वाढल्यावर तिचा वापर घटला. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१३ च्या मानकाप्रमाणे सुवाह्य चुलीची औष्णिक कार्यक्षमता नैसर्गिक हवेवर किमान २५ टक्के व पंख्यावर ३५ टक्के असावी लागते.

तथापि ओडिशातील एका दीर्घ पाहणीत (२०१६ मध्ये प्रसिद्ध) धुराड्याच्या चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला, पण पुढे वापर व देखभाल घटून हा लाभ टिकला नाही, असे आढळले. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू होऊन सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी गॅसजोडण्या देण्यात आल्या. तरीही पुन्हा टाकी भरण्याचा खर्च झेपत नसल्याने अनेक घरांत गॅसबरोबर चूलही पेटत राहिली. चुलीची खरी कसोटी तिच्या वाटपाच्या आकड्यात नसून, ती घरात किती वर्षे व किती वेळा पेटविली जाते आणि तिच्यामुळे जुनी चूल विझते की नाही यांत आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.