वेग आवरण्याची विद्या

वेग कसा वाढला याचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो; तो कसा आवरला याचा इतिहास फारसा कोणी विचारीत नाही. आगगाडीचे इंजिन कोणी केले हे शाळकरी मुलगाही सांगू शकतो. परंतु ती आगगाडी फलाटाशी नेमकी थांबविण्याची युक्ती कोणाची, या प्रश्नापुढे मोठी माणसेही गप्प बसतात. वस्तुतः ज्याला थांबता येत नाही, त्याला धावण्याचेही खरे स्वातंत्र्य नसते. घोडेस्वाराला टाच मारावयास शिकविण्यापूर्वी लगाम धरावयास शिकवितात, ते याचसाठी. सायकलीसारख्या साध्या वाहनाच्या कहाणीतही हेच सत्य दिसून येते. आणि ती सायकल डोंगर उतरू लागली, म्हणजे तर तो हातापायांच्या आणि प्रसंगी प्राणांच्या सुरक्षिततेचाच प्रश्न होऊन बसतो.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने आपले दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले, तेव्हा स्वाराचे दोन्ही पाय जमिनीला लागत असत. पायांनी ढकलावयाचे आणि पायांनीच आवरावयाचे, असा तो सरळ व्यवहार होता. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे आले, स्वाराचे पाय जमिनीपासून सुटले आणि थांबण्याची विवंचना सुरू झाली. त्यानंतरच्या उंच चाकाच्या सायकलीवर तर स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावरच बसे. ब्रेक म्हणजे काय, तर टायरवर दाबला जाणारा एक लोखंडी चमचा! तो हलका दाबला तर सायकल थांबत नसे, आणि जोराने दाबला तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार डोक्यावर आपटे. म्हणून उतारावर काही धीट स्वार दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. पडलोच तर निदान पायांवर पडू, एवढाच त्यातला हिशेब. इंग्लंडात सायकलस्वारांच्या संघटनांनी अवघड उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या होत्या, त्या काही उगाच नव्हेत.

१८८५ साली जॉन केंप स्टार्ली याची रोव्हर सायकल आली आणि दोन्ही चाके सारखी झाली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर सिद्ध केला. परंतु एका सुधारणेने दुसरी अडचण उभी करावी, हा यंत्रविद्येचा जुना धर्मच आहे. हवेच्या नाजूक टायरवर लोखंडी चमचा घासणे परवडेना. तेव्हा ब्रेकची जागा बदलली. कोणी तो मागच्या चाकाच्या हबमध्ये नेला, आणि पायटे उलटे दाबताच चाक थांबू लागले. कोणी तो चाकाच्या रिमवर नेला. रिमपर्यंत हाताचा जोर पोचवावयाचा कसा, याचीही दोन उत्तरे निघाली. एक, ताठ सळ्या आणि कोपरे यांची साखळी. दुसरे, बोडन याच्या नावाने ओळखली जाणारी वेष्टनातली तार. या तारेचे पेटंट १८९६ सालचे आहे. तार कशीही वळवा, तिच्या एका टोकाला दिलेला ताण दुसऱ्या टोकाला पोचतो, ही त्या काळी मोठीच सोय होती.

यांपैकी सळ्यांचा ब्रेक आपल्याकडील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. दूधवाल्यांनी, पोस्टमननी आणि शाळामास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेल्या काळ्या सायकलींना तोच असे. मूठ आवळली की सळी वर ओढली जाई आणि दोन रबरे रिमच्या आतल्या अंगाला खालून चिकटत. सपाट गावात त्याने सारे भागत असे. परंतु पावसाळ्यात लोखंडी रिम ओली झाली, की रबरे नुसतीच घसरत. आणि घाटाच्या उतारावर तर जाणता माणूस सायकलीवरून उतरून ती हाताने धरून चालत असे. त्यात भित्रेपणा नव्हता; आपल्या ब्रेकची योग्यता त्याने ओळखलेली असे, इतकेच.

उतरून न चालण्याचा हट्ट धरणारी मंडळी पुढे अमेरिकेत निघाली. कॅलिफोर्निया संस्थानात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण १९३० ते १९५० या काळातल्या, जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून आणीत आणि कच्च्या वाटेने बेफाम खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी शर्यतच लावली. सुमारे २ मैलांच्या त्या वाटेत सुमारे १३०० फुटांचा उतार. या सायकलींना ब्रेक होता तो मागच्या हबमध्ये. खाली पोचेपर्यंत तो हब इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि पुढच्या फेरीपूर्वी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. ब्रेकच्या दुर्बलतेवरून एखाद्या वाटेचे नाव पडावे आणि त्याच वाटेवर एका नव्या क्रीडाप्रकाराचे पाळणाघर थाटले जावे, हा इतिहासातला एक मौजेचा योग म्हटला पाहिजे.

जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची ही नावे त्या मंडळींतलीच. ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली, तेव्हा तिला हबचा ब्रेक ठेवला नाही. चाकाच्या दोन्ही अंगांस चिमट्यावर खुंट बसवून, त्यांवर फिरणाऱ्या भुजांचे कँटिलिव्हर ब्रेक त्याने लावले. १९८१ साली स्टंपजंपर ही सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि पाहता पाहता डोंगरी सायकल जगभर पसरली. तिच्याबरोबर ते खुंटही पसरले. ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु पुढील कथा सारी त्या खुंटांवरच उभी आहे.

कँटिलिव्हर ब्रेक हलका होता, स्वस्त होता. परंतु त्याचा जीव तारेत होता. तार वेष्टनातून जाताना वळणावळणाला घासते. तिच्यात चिखल शिरतो, पाणी शिरते, गंज धरतो. हाताने लावलेल्या जोराचा काही भाग रबरांपर्यंत पोचण्याआधीच वाटेत खर्ची पडतो. तासभर चाललेल्या उतारावर बोटे आखडतात आणि मूठ आवळण्याचे बळ नेमके शेवटच्या वळणावर संपते. अपघात व्हावयाचा तो तेथेच होतो.

या दुखण्यावरचे औषध फार जुने होते. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्समधील पास्काल याने १७ व्या शतकातच मांडला होता. त्याच्या आधारे इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. १९१७ साली अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने मोटारीच्या द्रवचालित ब्रेकचे पेटंट मिळविले, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. मोटारीला जे साधले ते सायकलीला का साधू नये? परंतु सायकलीचा ब्रेक मुठीएवढा, हलका आणि परवडणारा हवा. म्हणून ही सुधारणा सायकलीच्या बाजारात स्थिर होण्यास आणखी साठाहून अधिक वर्षे लागली.

जर्मनीच्या दक्षिण भागात ऊराख नावाचे एक लहान गाव आहे. तेथे गुस्टाफ मागेनविर्ट याने १८९३ साली कारखाना काढला. त्याचे आडनाव आणि गावाचे नाव यांतील आद्याक्षरे जोडून ‘मागुरा’ हे नाव झाले. मोटारसायकलींची हँडले आणि त्यांवरील तरफा करण्यात या कारखान्याचा हात बसलेला होता. १९८७ साली त्याने सायकलीच्या रिमवर चालणारा द्रवचालित ब्रेक बाजारात आणला. त्याची रचना समजण्यास अवघड नाही. हँडलवरील तरफ दाबली की एक लहान दट्ट्या खनिज तेल पुढे ढकलतो. बारीक नळीतून तो दाब रिमच्या दोन्ही अंगांस बसविलेल्या दोन दट्ट्यांपर्यंत पोचतो, आणि दोन्ही रबरे समोरासमोरून सारख्याच बळाने रिमवर येतात. मध्ये तार नाही, म्हणून तिचे घर्षण नाही. यंत्रणा बंदिस्त, म्हणून चिखलाला वाव नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात याच घराण्यातला एचएस ३३ हा ब्रेक विशेष नावारूपाला आला. रबरे झिजली तर तरफेजवळची एक लहानशी चकती फिरवून ती पुन्हा रिमजवळ आणता येत. मुख्य म्हणजे तो त्याच जुन्या खुंटांवर बसे. नवी फ्रेम नको, नवे चाक नको. आहे त्या सायकलीचा लगाम तेवढा बदलावयाचा!

तथापि ही निवड डोळे मिटून करण्याजोगी कधीच नव्हती. या ब्रेकचा जोर इतका, की मागच्या बारीक नळ्या त्या दाबाने बाहेर फाकत. म्हणून त्यांना घोड्याच्या नालासारखी कमान घालून बांधावे लागे. रबरे रिमपासून अगदी थोड्या अंतरावर राहतात. त्यामुळे चाकाचा आउट नीट काढलेला नसेल तर ती घासू लागतात. तार तुटावयाची झाल्यास आधी तिचे धागे उसवतात आणि सावध माणसाला सूचना मिळते. नळीतून तेल गळाले तर तो ब्रेक एकदमच निकामी होतो. मग तेल भरून आतली हवा काढावयाची, हे काम कोपऱ्यावरच्या सायकलदुकानात होईलच असे नाही. शिवाय १९८० नंतरच्या काही सायकलींवर मागचे खुंट रिमच्या वरच्या बाजूस असत. तेथे हा ब्रेक बसतच नसे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की रबर कोणत्याही युक्तीने दाबले तरी ते शेवटी रिमवरच घासते. रिम ओली झाली की पकड उशिरा येते, चिखल लागला की रिम झिजते, आणि लांब उतारावर रिम तापली की तिची झळ टायरला पोचते.

याच शेवटच्या दोषाने इतिहासाचे पुढचे पान उलटले. १९९६ साली जपानच्या शिमानो कंपनीने लांब भुजांचा व्ही-ब्रेक आणला. तारेवरच चालणारा, स्वस्त आणि जोरदार. कमी खर्चात काम होऊ लागल्यावर तेलाच्या ब्रेकचे निम्मे गिऱ्हाईक तिकडे वळले असल्यास नवल नाही. दुसऱ्या बाजूने चकतीचा ब्रेक आला. गणित पाहिले तर रिमची बाजू वरचढ आहे. २६ इंची चाकाची रिम आसापासून सुमारे २७ सेंटिमीटरवर असते. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पकड बसते ती सुमारे ७ सेंटिमीटरवर. तेवढाच परिणाम साधण्यासाठी चकतीला जवळजवळ चौपट बळाने आवळावे लागते. परंतु चकती चिखलापासून दूर राहते, झिजली तर ती एकटीच बदलता येते, रिम वाकली तरी तिचे काम चालू राहते आणि तिच्या उष्णतेचा टायरला उपद्रव नाही. गणितात हरलेली चकती डोंगरावर जिंकली. पुढे डोंगरी सायकलींच्या फ्रेमवरून ते खुंटच नाहीसे झाले, आणि खुंटांबरोबर रिमवरच्या तेलब्रेकचे राज्यही ओसरले.

ते ओसरले, पण संपले मात्र नाही. दगडांवरून आणि ओंडक्यांवरून सायकल उड्या मारीत नेणाऱ्या कसरतपटूंनी हा ब्रेक दीर्घकाळ उराशी धरला. कारण उडी संपताच चाक जागच्या जागी जखडून ठेवणे हेच त्यांच्या खेळाचे मर्म. त्यासाठी ते रिमच्या कडा मुद्दाम यंत्राने खरखरीत करून घेतात. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या ओझ्याच्या सायकलींवरही तो टिकला. आणि १९९० च्या सुमाराची चांगली पोलादी फ्रेम ज्याच्याजवळ आहे, त्याच्यासाठी तर तो आजही विचार करण्याजोगा आहे. तशा फ्रेमला चकतीची बैठक नसते. ती डाक लावून बसवू म्हटले तर नळ्या त्या ताणासाठी घडविलेल्या नसतात. मग दोनच मार्ग उरतात: जिवाभावाची सायकल मोडीत काढणे, किंवा तिच्या जुन्या खुंटांवर नवा लगाम चढविणे.

अशा माणसाने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. आपला उतार किती लांब आहे? आपल्या वाटेवर पाऊस आणि चिखल किती? रिम किती झिजली आहे? तेल भरण्याची विद्या आपण शिकणार आहोत काय? सर्वसाधारण रस्त्यासाठी नीट जुळविलेला व्ही-ब्रेक पुरेसा होईल. सततच्या चिखलातल्या डोंगरासाठी चकतीची सायकलच घ्यावी. परंतु ज्याचे हात लवकर थकतात, ज्याची फ्रेम अजून खणखणीत आहे आणि ज्याला वारंवार तार बदलण्याचा कंटाळा आहे, त्याला रिमवरचा हा तेलब्रेक दगा देत नाही.

लोखंडी चमच्यापासून तेलाच्या नळीपर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक पायरीवर कोणीतरी माणूस उताराच्या माथ्यावर उभा राहून खाली पाहत होता. आपल्याला खाली पोचावयाचे आहे, पण धडपणे पोचावयाचे आहे, एवढीच त्याची अपेक्षा होती. जुन्या काळी घाटात सायकलीवरून उतरून चालणारा दूधवाला आणि आजचा डोंगरी स्वार यांच्या साधनांत महदंतर आहे. शहाणपण मात्र एकच. आपल्या ब्रेकला किती वेग झेपेल हे ज्याने आधी ओळखले, त्यालाच तो वेग खऱ्या अर्थाने वापरता येतो.