दोन प्रोटीनं आणि यवतमाळची पऱ्हाटी

प्रोटीन म्हटलं की आपल्याला जिममधला डबा आठवतो. आज मात्र आपण शेतात जाऊ. यवतमाळच्या गेल्या वीस-बावीस वर्षांच्या इतिहासात दोन प्रोटीनं आहेत, आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पहिलं ‘क्राय वन एसी’. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं. ‘बीटी’ हे नाव त्यावरूनच. त्याचा जीन घातलेल्या कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. अळीने बोंड कुरतडलं की हे प्रोटीन तिच्या आतड्यात विरघळतं आणि पेशीवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनला नेमकं जाऊन चिकटतं. पेशीला भोकं पडतात, अळी मरते. आपल्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागाच नाही.

म्हणजे सगळा खेळ आकाराचा. प्रोटीन ही अमिनो आम्लांची माळ. तिची घडी जशी पडेल तसं तिचं काम. काही गुलाबी बोंडअळ्यांचं कॅडहेरिनच वेगळं होतं. त्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. बीटीच्या पाकिटासोबत साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची, ती कडेने लावायची, म्हणजे साध्या अळ्याही टिकतील आणि त्यांच्याशी संकर होईल. बहुतेकांनी लावली नाही. लावा म्हणून नीट समजावलं तरी कुणी होतं? २००६ मध्ये दोन प्रोटीनांचं बियाणं आलं; अळीने पुढे तेही पचवलं.

दुसरं प्रोटीन कास्तकाराच्याच अंगातलं. २०१७ च्या मोसमात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ती फवारणी काही फक्त बोंडअळीसाठी नव्हती, रस शोषणाऱ्या किडीही होत्याच. पण मोनोक्रोटोफॉससारखी औषधं अंगात गेली की काय करतात, ते बघा.

नस स्नायूला ॲसिटाइलकोलिन नावाच्या रसायनातून निरोप देते. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे प्रोटीन ते रसायन लगेच तोडतं. औषधाचा रेणू या प्रोटीनच्या खाचेतच अडकून बसतो, मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, टाचणीएवढ्या बाहुल्या, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

ॲट्रोपिनचं इंजेक्शन लक्षणं आवरतं. प्रॅलिडॉक्झिम तो रेणू सोडवू शकतं, पण वेळेत दिलं तरच. उशीर झाला की पकड कायमची होते. मग शरीराला नवं प्रोटीन बनवावं लागतं, त्याला काही आठवडे लागतात. ‘जरा गरगरतंय, उद्या जाऊ’ म्हणणाऱ्याचा वेळ नेमका इथे जातो.

कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी असते. फवारणीच्या मोसमाआधी एकदा केलेली असेल, तर नंतरचा आकडा किती घसरला ते डॉक्टरांना लगेच कळतं.