सांधा लपवावा की मिरवावा? : भंडाऱ्याचा काठ आणि शिवणीचा इतिहास

शिवणकामात टाक्यांचे दोन स्वभाव असतात. एक टाका कापडाच्या आत राहून दोन तुकडे जोडतो आणि आपण तिथे आहोत हे कुणाला कळू देत नाही. दुसरा उलट बाजूने नव्हे, तर सुलट बाजूने, वरून मारलेला असतो. तो जोड बळकट करतो आणि त्याच वेळी स्वतःची रेघ उघडपणे दाखवतो. कॉलरच्या कडेने, खिशाच्या तोंडाशी, बाहीच्या टोकाला दिसणारी ही वरची टीप म्हणजे केवळ नक्षी नव्हे. तिच्यामागे वस्त्रसंस्कृतीचा एक जुना प्रश्न उभा आहे : सांधा लपवावा की मिरवावा?

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न विचारणे वरवर अप्रस्तुत वाटेल. वैनगंगेकाठचा हा प्रदेश ओळखला जातो तो मागासाठी, सुईसाठी नव्हे. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही नावे कोष्ट्यांच्या धोट्याशी जोडली गेली आहेत. परंतु शिवणीचा इतिहास समजून घेण्यासाठी हीच जागा सोयीची आहे, कारण आपल्याकडे शिवण आणि वीण यांच्या नात्याविषयी एक मोठा गैरसमज गेली दोनशे वर्षे चालत आलेला आहे.

फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ ते १८१४ या काळात बंगाल-बिहारची पाहणी केली. हिंदूंना सुई ठाऊकच नव्हती, असा निष्कर्ष त्याने काढला. पुरावा भाषेचा होता. शिवण्यासाठी त्याला हिंदीत वेगळा शब्द आढळला नाही. जो आढळला तो विणताना धोटा टाकण्याच्या क्रियेसाठीही वापरला जात असे. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या चार खंडी ग्रंथात (१९१६) दर्जी जातीविषयी लिहिताना हे मत उद्धृत केले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतातच होता. अशा रीतीने गंगेच्या खोऱ्यात केलेले एक विधान वैनगंगेच्या खोऱ्याविषयीच्या ज्ञानाचा भाग बनले.

वस्तुतः हे विधान टिकणारे नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात राका या देवतेला न तुटणाऱ्या सुईने शिवण्याची प्रार्थना आहे. ‘सिव्’ हा धातू संस्कृतात आहेच. आपले ‘शिवणे’ आणि हिंदीतले ‘सीना’ त्याच कुळातले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत शिवलेल्या चोळ्या आणि बाह्यांचे अंगरखे दिसतात, आणि ती लेणी ज्या वाकाटकांच्या आश्रयाने घडली, ते विदर्भाचेच राजे. ‘दर्जी’ हा शब्द मात्र फारसी आहे. ‘दर्ज’ म्हणजे शिवण, सांधा. व्यवसायाचे एक नाव बाहेरून आले म्हणून व्यवसायही बाहेरून आला असे ठरत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात नामदेव शिंपी होते, आणि गुरु ग्रंथ साहिबातील त्यांच्या पदांत सुई, दोरा, कात्री या प्रतिमा सहजपणे येतात. परकी कला इतकी घरची होऊन प्रतिमेत उतरत नसते.

तरीही बुकॅननच्या चुकीत एक निरीक्षण दडलेले आहे. आपल्या समाजातील फार मोठ्या वर्गाची मुख्य वस्त्रे, म्हणजे धोतर, लुगडे, उपरणे, मागावरून उतरताच पूर्ण होत. कडा शिवण्याची गरज नव्हती, कारण काठ विणलेलाच असे. जे काम इतरत्र सुईकडे होते, ते इथे धोट्याकडे होते.

भंडाऱ्याची करवती काठाची साडी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. अंग टसरचे, काठ सुती. टसरचे कोश ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात आणि पूर्व विदर्भात ते जोपासण्याचे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. त्या खरबरीत, मधाळ रंगाच्या रेशमाला सुती काठ जोडायचा कसा? कापून शिवायचा नाही, विणतानाच जोडायचा. त्यासाठी तीन धोटे लागतात : दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवले जातात. ही भेट सरळ रेषेत न ठेवता कोष्टी ती पुढेमागे सरकवतो, त्यामुळे सांध्याचा सगळा ताण ताण्याच्या एकाच धाग्यावर येत नाही. त्यातून करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची ओळ उमटते. लांबून पाहणाऱ्याला ती वरून शिवल्यासारखी वाटावी. प्रत्यक्षात तिथे एकही टाका नाही. दोन जातींचे धागे जिथे जोडले गेले ती जागा लपवण्याऐवजी कोष्ट्याने तिलाच वस्त्राची ओळख केले. वरून मारलेली टीप जे करते, तेच इथे धोट्याने केले आहे.

टाका उघडपणे मिरवणारी खरी परंपरा मात्र मागाजवळ नाही, ती घरात आहे. जुनी लुगडी-धोतरे एकावर एक अंथरून, चारी कडांवर वजने ठेवून बायका गोधडी शिवतात. बाहेरच्या कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी आत-आत सरकत मध्यापर्यंत येतात. या ओळी आधी गरज आहेत : त्या नसतील तर आतले थर सरकून गोळा होतील. परंतु ओळींमधले अंतर किती ठेवायचे, कोपऱ्यावर कसे वळायचे, कुठल्या रंगाचा दोरा घ्यायचा, हे गरजेने ठरत नाही. ते शिवणारीने ठरवलेले असते. झिजलेल्या काठाचे विणकाम आणि नव्या दोऱ्याची शिवण गोधडीत एकत्र येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यंत्र आले. इलायस हाऊ यांचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे. त्यात एक गमतीचा भाग असा की या यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो : वरचा दोरा सुईत आणि खालचा शटलमध्ये. शटल म्हणजे धोटाच. शिवण्याला आणि धोटा टाकण्याला एकच शब्द असल्याचे बुकॅननला विचित्र वाटले होते. चार दशकांच्या आत अमेरिकेत सुईखाली धोटा जाऊन बसला.

यंत्राने सरळ, एकसारखी, दाट टीप स्वस्त केली. बंडीच्या खिशाला दुहेरी टीप घालणे शिंप्याला क्षणाचे काम झाले. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी घडवले, असे त्यांचे म्हणणे होते. याच काळात कापडाचा माग मात्र गिरण्यांपुढे मागे सरत होता. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून सुरू होती. एका यंत्राने शिंप्याचा हात वाढवला, दुसऱ्याने कोष्ट्याचा हात आखडला. ‘यंत्र’ हा एकच शब्द वापरून या दोन इतिहासांचे मूल्यमापन करता येत नाही.

यंत्राने टाक्याचा अर्थही पालटला. पूर्वी सरळ, समान अंतराचा टाका ही कसबाची खूण होती. आता सरळपणा यंत्राचा मानला जातो, आणि हाताने शिवलेल्या कपड्यावरची किंचित डगमगणारी रेघ मोलाची ठरते. जिच्या गोधडीतल्या वाकड्या ओळीला सासुरवाशीण म्हणून बोल लागला असेल, तीच ओळ आज दुकानात दाम वाढवते. तो दाम तिच्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचा नाही.

करवती काठाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची नोंद आहे, नाव आहे. गोधडीवर शिवणारीचे नाव नसते आणि बंडीच्या टिपेवर शिंप्याचे. म्हणून वस्त्राचा इतिहास लिहिताना आपण विणकराकडे वळतो आणि टाका घालणाऱ्याला विसरतो. साहित्याच्या अभ्यासकांना हे विसरणे शोभणारे नाही, कारण आपली परिभाषाच या कामातून आलेली दिसते. सूत्र म्हणजे दोरा, सूची म्हणजे सुई. टीप हा शब्द शिंप्याचाही आहे आणि संपादकाचाही; व्युत्पत्ती एक असो वा नसो, काम फारसे वेगळे नाही. संपादकही पाठातले सांधे, दुरुस्त्या, जोडलेल्या ओळी वाचकाला दिसतील अशा ठेवतो, आणि त्यामुळेच त्याच्या प्रतीवर विश्वास बसतो. जुन्या कपड्याकडे पाहतानाही तीच सवय उपयोगी पडेल : आधी काठ पाहावा, मग कापड उलटून टाका कुठून निघाला आणि कुठे बांधला ते पाहावे.